टेक्ससमध्ये कोड एन्फोर्समेंट ऑफिसर व्हायचंय? नोंदणी, परीक्षा आणि नूतनीकरण

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन भागात येऊन राहिलेले कितीतरी मराठी सिव्हिल इंजिनिअर, डिप्लोमावाले आणि आर्किटेक्ट शिक्षणाशी नातं सांगणारं काम शोधत असतात. पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) किंवा आर्किटेक्टचं लायसन्स हा लांबचा पल्ला असतो. शहराच्या कोड एन्फोर्समेंट खात्यातली जागा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. आलीच, तर "त्याला सर्टिफिकेट लागतं म्हणे" इथे बोलणं संपतं. मी याच वाटेने गेले आणि आज एका शहरात हे काम करते. माहिती सगळी उपलब्ध आहे, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहे आणि कुठली गोष्ट आधी करायची हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. आपल्याकडे महापालिकेत अतिक्रमण विभाग, बांधकाम निरीक्षक आणि आरोग्य निरीक्षक यांच्यात वाटलेलं बरंचसं काम इथे एकाच माणसाकडे येतं. माजलेलं गवत, अंगणातला कचरा, महिनोन्महिने उभी असलेली बंद गाडी, पडायला आलेलं घर, भाडेकरूच्या खोलीत हीटर नसणं. जागेची पाहणी करायची, धोका ओळखायचा, मालकाकडून तो दूर करून घ्यायचा. दंड हा अगदी शेवटचा उपाय. चांगला ऑफिसर बहुतेक प्रकरणं कोर्टाची पायरी न चढता मिटवतो.

१. तीन कागद वेगळे ओळखा

सगळा गोंधळ इथे सुरू होतो. "सर्टिफिकेट" म्हणून लोक ज्याच्याबद्दल बोलतात त्या प्रत्यक्षात तीन स्वतंत्र गोष्टी आहेत.

पहिली, राज्याची नोंदणी. टेक्सस ऑक्युपेशन्स कोडच्या १९५२व्या प्रकरणाखाली ती टेक्सस डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, म्हणजे टीडीएलआर, हा विभाग देतो. नोंदणी नसेल तर स्वतःला "कोड एन्फोर्समेंट ऑफिसर" म्हणवून घेता येत नाही.

दुसरी, आयसीसीचं प्रमाणपत्र. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही आदर्श नियमावल्या तयार करणारी संस्था आहे. तिचं प्रमाणपत्र देशभर ओळखलं जातं, पण ते राज्याच्या नोंदणीची जागा घेत नाही.

तिसरी, शहराची नेमणूक. कुणाच्या दारावर नोटीस लावण्याचा अधिकार यातूनच येतो. पहिले दोन्ही कागद हातात असले आणि शहराने नेमलेलं नसलं, तर तुम्ही जाणकार नागरिक आहात, अधिकारी नाही.

क्लासच्या जाहिराती या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात मिसळतात. पैसे भरण्याआधी विचारा: हा कोर्स टीडीएलआरला चालतो का, आणि तो कशासाठी आहे, नोंदणीसाठी, नूतनीकरणासाठी, की आयसीसीच्या परीक्षेच्या तयारीसाठी?

आणखी एक खबरदारी. १ नोव्हेंबर २०१७पर्यंत ही नोंदणी राज्याच्या आरोग्य खात्याकडे होती. तिथले जुने फॉर्म आणि जुन्या सूचना इंटरनेटवर अजून सापडतात. त्यांच्या नादी लागू नका.

२. अर्ज शहराकडे करताय, काउंटीकडे, की तुमच्या मनात एचओए आहे?

आपल्यापैकी बहुतेकांना नियमभंगाचं पहिलं पत्र येतं ते एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं. कचऱ्याचा डबा बाहेर राहिला, कुंपणाचा रंग चुकला. हे कोड एन्फोर्समेंट नव्हे. एचओएचे नियम हा खासगी करार असतो, शहराचा ऑर्डिनन्स हा कायदा असतो. मुलाखतीत हा फरक हमखास निघतो.

नोकरी शोधताना हद्दही पाहा. ह्यूस्टनजवळचं सायप्रस घ्या. पत्त्यात नाव असलं तरी ते स्वतंत्र शहर नाही, हॅरिस काउंटीचा शहराबाहेरचा भाग आहे. अशा ठिकाणी शहराचा ऑर्डिनन्स चालत नाही. तिथे काउंटीला राज्याच्या कायद्याने दिलेले मर्यादित अधिकार असतात, त्यात हेल्थ अँड सेफ्टी कोडचं ३४३वं प्रकरण मुख्य. खुद्द ह्यूस्टन शहरात झोनिंगचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा, कायदाच नाही. त्यामुळे ज्या शहरासाठी तयारी करताय त्याची नियमावली आधी चाळा, मग कुठली परीक्षा द्यायची ते ठरवा.

३. पात्रता आणि कागदपत्रं

पूर्ण नोंदणीसाठी हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी (त्याच्या तोडीची परीक्षा), ३६ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि कोड एन्फोर्समेंटमधला एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. "अनुभवाशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही" असं वाटून अनेक जण इथेच परत फिरतात. पण अनुभव नसणाऱ्यांसाठी "ऑफिसर इन ट्रेनिंग" अशी वेगळी नोंदणी आहे. ती घेऊन, नोंदणीकृत ऑफिसरच्या देखरेखीखाली काम करत ते वर्ष भरून काढायचं. नव्या माणसाला भरती करताना बरीच शहरं ठरावीक महिन्यांत नोंदणी मिळवण्याची अट घालतात, म्हणजे दार उघडं असतं.

भारतात साइटवर घालवलेली वर्षं या एका वर्षात धरली जातील असं गृहीत धरू नका. ती बायोडेटात जरूर लिहा, मुलाखतीत त्यांचा फार उपयोग होतो. अर्ज मात्र ट्रेनिंगच्या रस्त्यानेच करा.

जवळ ठेवायचे कागद:

- बारावीची गुणपत्रिका आणि पदवी किंवा डिप्लोमा. भारतीय शिक्षणाचं मूल्यमापन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून करून घेतलेलं असलं तर शहराच्या एचआरशी होणारी बरीच पत्रापत्री वाचते.
- सोशल सिक्युरिटी नंबर. राज्याच्या अर्जात तो मागितला जातो.
- काम करण्याची परवानगी. एच-फोरवर असाल तर चालू मुदतीचं ईएडी.
- टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स. दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो, त्यामुळे शहरं ते मागतातच.
- प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, तास आणि तारीख स्पष्ट दिसेल असा.

नावाबद्दल जरा जास्त सांगते, कारण आपल्या माणसांची सर्वात जास्त अडचण इथे होते. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, पासपोर्टवर पूर्ण नाव पण लायसन्सवर फक्त आद्याक्षर, लग्नानंतर गुणपत्रिकेवरचं आडनाव वेगळं. परीक्षा केंद्रावर अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि भरलेली फी बहुधा बुडते. एकच रूप ठरवा. जे लायसन्सवर आहे तेच अर्जात, तेच प्रशिक्षणाच्या नोंदणीत, तेच परीक्षेच्या बुकिंगमध्ये.

अर्जदाराच्या गुन्हेगारी नोंदी विभाग तपासतो. जुनं काही प्रकरण असेल तर फी, क्लास, परीक्षा यांवर खर्च करण्याआधीच ते आड येईल का, याचं लेखी मूल्यमापन टीडीएलआरकडून मागवता येतं. ही सोय फार कमी लोकांना माहीत असते.

४. छत्तीस तासांचं प्रशिक्षण

यावर फार लिहिण्यासारखं नाही. विभागाला मान्य असलेला कोर्स निवडा, ऑनलाइन असो की वर्गातला. निवड करायला मिळाली तर मी वर्गातला घ्या म्हणेन. शेजारच्या बाकावर दुसऱ्या शहरांत आधीच काम करणारी माणसं असतात. मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून जे कळतं ते स्लाइडवर नसतं, आणि पुढच्या जागांची माहितीही तिथूनच मिळते.

५. परीक्षा: कायद्याच्या भागावर जीव ओता

इंजिनिअर माणूस बांधकामाचे प्रश्न सहज सोडवतो आणि कायद्यात अडकतो. म्हणून अभ्यासाचा मोठा वाटा तिथे ठेवा.

सगळ्याच्या मुळाशी १९६७चा एक निकाल आहे: कॅमारा विरुद्ध म्युनिसिपल कोर्ट. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६३ साली घरांच्या नेहमीच्या तपासणीला इन्स्पेक्टर आला. तळमजल्याचा भाडेकरू कॅमारा मागच्या भागात राहतो असं त्याला कळलं, आणि तळमजल्यावर राहायला परवानगी नव्हती. कॅमाराने वॉरंटशिवाय आत घ्यायला नकार दिला. त्याच्यावर खटला भरला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने सांगितलं की तिथे राहणाऱ्याची संमती नसेल तर अशा तपासणीलाही वॉरंट लागतं. त्याच दिवशी सी विरुद्ध सिएटल या प्रकरणात व्यापारी जागांच्या बंद भागांनाही हेच लागू झालं.

टेक्ससमध्ये असं वॉरंट कसं मिळवायचं हे कोड ऑफ क्रिमिनल प्रोसीजरच्या कलम १८.०५मध्ये आहे. परीक्षेत प्रश्न साधारण असा असतो: मालक दार उघडत नाही, तुम्ही काय कराल? फाटक ढकलून आत जाणं, पोलिसांना बोलावून दबाव आणणं, "नंतर बघतो" म्हणणं असे पर्याय दिलेले असतात. बरोबर उत्तर असतं ते शांतपणे परत फिरून वॉरंटसाठी अर्ज करण्याचं. रस्त्यावरून जे दिसतं त्याची नोंद करायला अर्थातच वॉरंट लागत नाही.

दुसरा महत्त्वाचा भाग नोटिशीचा. साधं गवताचंच प्रकरण घ्या. हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या ३४२व्या प्रकरणाप्रमाणे मालकाला सात दिवस मिळतात. नोटीस प्रत्यक्ष हातात देता येते किंवा पत्राने पाठवता येते. पत्र कुठल्या पत्त्यावर? घरावर दिसतो त्या नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदीत मालकाचा जो पत्ता आहे, त्या. घर डेंटनमध्ये आणि मालक कॅलिफोर्नियात, असं रोजच असतं. घराच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र भाडेकरूच्या हाती पडतं, मालकाला काही कळत नाही, आणि शहराने गवत कापून लावलेला खर्च वादात सापडतो. मालक सापडलाच नाही तर वर्तमानपत्रात प्रसिद्धी, दारावर चिकटवणं किंवा जागेवर खुंटी रोवून फलक लावणं हे मार्ग आहेत.

कायद्याच्या याच ३४२व्या प्रकरणातल्या आणखी दोन गोष्टी पाठ करा. पहिल्या नोटिशीत तसं नमूद केलेलं असेल, तर वर्षाच्या आत तसाच भंग पुन्हा झाल्यावर नवी नोटीस न देता शहर काम करून घेऊ शकतं. आणि गवत ४८ इंचांपेक्षा उंच होऊन तातडीचा धोका असेल तर आधी काम, नोटीस नंतर दहा दिवसांच्या आत.

दंडाची कमाल मर्यादाही विचारतात. लोकल गव्हर्नमेंट कोडच्या ५४व्या प्रकरणात ती साधारण भंगाला ५०० डॉलर, आगीपासून सुरक्षा, झोनिंग, सार्वजनिक आरोग्य यांच्या भंगाला २,००० डॉलर आणि कचरा टाकण्याला ४,००० डॉलर अशी आहे.

जुन्या नोट्सवर विसंबू नका. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२५पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. बंद गाड्यांवरच्या जुन्या धड्यांत तपासणीच्या स्टिकरवर अख्खं पान खर्ची घातलेलं सापडेल. मित्राने प्रेमाने दिलेली फाइल असली तरी तिची तारीख बघा.

६. आयसीसीची परीक्षा, घ्यायची असेल तर

सक्ती नाही, पण नवख्या माणसाच्या अर्जाला यामुळे वजन येतं. सुरुवातीला "प्रॉपर्टी मेंटेनन्स अँड हाउसिंग इन्स्पेक्टर" ही परीक्षा घ्या. ५० प्रश्न, दोन तास, आणि पुस्तक उघडून लिहायची मुभा. ती घरी बसूनही देता येते, मात्र कॅमेऱ्यासमोर खोली दाखवावी लागते. पुस्तक बांधलेलंच हवं, सुटी पानं किंवा निघणाऱ्या चिकट चिठ्ठ्या चालत नाहीत. अधोरेखन आणि पक्क्या खुणांच्या पट्ट्या आधीच करून ठेवा.

पुस्तक उघडं आहे म्हणून परीक्षा सोपी असं समजू नका. वेळ पानं उलटण्यातच जातो. इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेंटेनन्स कोडची प्रकरणं क्रमाने डोक्यात बसायला हवीत: कारभार, व्याख्या, सर्वसाधारण अटी, उजेड-हवा आणि राहण्याची मर्यादा, प्लंबिंग, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल, आग. काही आकडे पुस्तक न उघडता यावेत. झोपायची खोली किमान ७० चौरस फूट, एकाहून जास्त माणसं झोपत असतील तर माणशी ५०. छताची उंची सात फूट. खिडकीची काच खोलीच्या क्षेत्रफळाच्या आठ टक्के. चारहून जास्त पायऱ्या उंचीच्या जिन्याला कठडा. घरक्रमांकाचे आकडे चार इंच उंच. २४ इंचांहून खोल पाण्याच्या तलावाला ४८ इंचांचं कुंपण.

आता गवताचा नियम उघडा. मर्यादेच्या जागी चक्क रिकामी चौकट दिसेल. आदर्श नियमावली म्हणजे कायदा नव्हे. शहर ती ऑर्डिनन्सने स्वीकारतं, चौकटीत आपला आकडा भरतं, हवी ती कलमं बदलतं. डॅलसमध्ये हा आकडा १२ इंच आहे, ह्यूस्टनमध्ये ९. परीक्षेसाठी आयसीसीचं पुस्तक आणि कामासाठी शहराने स्वीकारलेली आवृत्ती, हे दोन्ही वेगळं ठेवा. नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी येते, पण शहरं ती लगेच घेत नाहीत. २०२४ची बाजारात असताना शहर २०१५च्या पुस्तकावर चालू असणं नवलाचं नाही.

७. ट्रेनिंगचं वर्ष

देखरेख करणाऱ्या ऑफिसरचं नाव आणि नोंदणी क्रमांक पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. ते मध्येच नोकरी सोडून गेले तर तुमच्या अनुभवाची खातरजमा कोणी करायची हा प्रश्न उभा राहतो. म्हणून दर काही महिन्यांनी कामाचा तपशील लिहून त्यांची सही घेत जा. विभागाने मागितलं तर हाताशी असतं.

गाडीत मोजपट्टी, टॉर्च, बंद बूट, कॅमेरा आणि भरपूर पाणी. ऑगस्टमधल्या टेक्ससच्या उन्हाबद्दल इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक पाहणीत घरक्रमांक दिसेल असा एक फोटो आधी घ्या, मग भंगाचे. म्युनिसिपल कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो: हे याच घराचं कशावरून?

आणि एक मनापासून. तुम्ही ज्यांच्या दारी जाता त्यातली बरीच माणसं म्हातारी, आजारी किंवा हातात पैसे नसलेली असतात. शहरात छपराच्या दुरुस्तीला किंवा अंगणाच्या सफाईला मदत करणाऱ्या योजना, चर्च, स्वयंसेवी गट असतील तर त्यांची यादी नोटिशीसोबत द्या. मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या घरांत तुमची भाषा फार उपयोगी पडते. आजी-आजोबांना इंग्रजी नोटीस वाचून नुसती धडकी भरते, सात दिवसांत काय करायचं ते त्यांच्या भाषेत सांगितलं की काम होतं.

८. नूतनीकरण: दोन घड्याळं

राज्याची नोंदणी दोन वर्षांची असते. त्या मुदतीत १२ तासांचं निरंतर शिक्षण पूर्ण करावं लागतं. कुठल्या विषयाला किती तास हवेत ते दर वेळी चालू नियमांत पाहून घ्या. कोड एन्फोर्समेंट असोसिएशन ऑफ टेक्ससच्या परिषदेत बरेच तास एकदम भरतात, आणि अनेक शहरं त्याचा खर्च उचलतात. बजेट ठरण्याआधी साहेबांच्या कानावर घाला.

आयसीसीचं घड्याळ वेगळं. तिथे मुदत तीन वर्षांची, आणि मोजमाप तासांत नसून सीईयूमध्ये, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या एककांत. दहा तास म्हणजे एक सीईयू. एका प्रमाणपत्रासाठी १.५, म्हणजे १५ तास. दोन ते पाच प्रमाणपत्रं असतील तर मिळून ३. बारा तासांचा कोर्स करून रकान्यात १२ लिहू नका, ते १.२ असतं.

एकच कोर्स दोन्हीकडे चालू शकतो, पण आपोआप चालत नाही. दाखल्यावर दोन्हीकडची मान्यता आहे का ते प्रवेश घेतानाच पाहा. माझी पद्धत साधी आहे: एक फोल्डर, दाखला मिळाला की त्याच दिवशी पीडीएफ, नावात तारीख आणि तास. नमुना तपासणीत तुमचं नाव निघालं तर विभाग पुरावा मागतो, आणि कोर्स घेणारी कंपनी तोवर बंद झालेली असू शकते.

राज्याची मुदत चुकली तर ९० दिवसांपर्यंत दीडपट फी, त्यानंतर १८ महिन्यांपर्यंत दुप्पट. १८ महिने ते तीन वर्षं या काळात विभागाच्या कार्यकारी संचालकांची परवानगी लागते. त्यापुढे सगळं पहिल्यापासून. फीपेक्षा मोठा तोटा असा की मुदत संपलेली असताना ऑफिसर म्हणून काम करता येत नाही, आणि त्या काळात तुम्ही सही केलेल्या नोटिशीवर बचाव पक्षाचा वकील बोट ठेवू शकतो. आठवणीचं पत्र शहराच्या ईमेलवर येत असेल आणि तुम्ही नोकरी बदलली असेल, तर ते कधीच पोचत नाही. टीडीएलआरच्या नोंदीत स्वतःचा खासगी ईमेल द्या, आणि घर बदललं की पत्ताही लगेच कळवा.

९. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर

टेक्ससची नोंदणी टेक्ससपुरती. आयसीसीचं प्रमाणपत्र सोबत येतं, अनुभवही येतो, बाकीचं तिथे नव्याने पाहावं लागतं. फ्लोरिडात कारभार स्टॅट्यूट्सच्या १६२व्या प्रकरणावर चालतो. तिथली स्थानिक मंडळं पहिल्या भंगाला दिवसाला २५० आणि पुनरावृत्तीला ५०० डॉलरपर्यंत दंड लावू शकतात, आणि २०२१पासून तक्रारदाराला नाव-पत्ता द्यावा लागतो. तातडीचा धोका असेल तरच निनावी तक्रारीवर चौकशी सुरू करता येते. कॅलिफोर्नियात प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची घडी आणखी निराळी आहे. घर हलवण्याची तारीख ठरली की तिथल्या शहराच्या जाहिरातीत "रुजू होताना आवश्यक" आणि "रुजू झाल्यावर ठरावीक मुदतीत आवश्यक" हे दोन रकाने वेगळे वाचा, आणि टेक्ससची नोंदणी लगेच सोडून देऊ नका. मुदत संपेपर्यंत ती चालू ठेवायला वेगळा खर्च नाही, आणि नव्या अर्जात चालू नोंदणी दाखवता येते.